धोटा मोठा केला म्हणून

माझ्या भाच्याचं म्हणणं सरळ होतं. तलवार आठ फुटांची, ओगर नावाचा राक्षस दहा फुटांवर, त्यात स्वतःचा हात मिळवा, आणखी काय पाहिजे? माझं म्हणणं त्याहून सरळ होतं. पोचत नाही. पुस्तकात लिहिलंय.

"मामा, पुस्तक राहू द्या बाजूला. तुम्ही सांगा ना, का नाही पोचत?"

मेमधला शनिवार. रात्रीचे दहा वाजून गेले तरी गच्चीची शहाबादी फरशी सतरंजीतून चटके देत होती. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. खाली साखर पेठेत कुणाचा तरी यंत्रमाग अजून खटखटत होता. आम्ही चौघं: मी, भाचा, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आणि जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करणाऱ्या वकीलबाई. मधे कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचं भांडं आणि मूठभर फासे. दर शनिवारी आम्ही इथे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि पटावर, फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे न्यायची. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा: कथेतला राक्षसही मी, राजाही मी आणि न्यायाधीशही मीच. वकीलबाईंना ही व्यवस्था मुळातच घटनाबाह्य वाटते.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. शिशाच्या सैनिकांच्या लढाया मांडणारी ही मंडळी. एका सोंगटीने पलटणीऐवजी एकच माणूस दाखवला तर काय होईल, यातून पुढे सगळं वाढत गेलं. आज त्याच्या कितीतरी आवृत्त्या झाल्यात. आमच्या गच्चीवर साडेतीन चालते. २००३ ची आवृत्ती, तिचं नावच साडेतीन. जिथे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन आणि शहाणेही साडेतीन, तिथे दुसरी कुठली रुजणार होती?

पट मात्र आमचा अस्सल सोलापुरी. अप्पा, म्हणजे माझे वडील, चादरीच्या कारखान्यात होते. जेकार्डचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचं, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, असं ते काम. कारखाना बंद झाला तेव्हा त्या ग्राफच्या कागदांची एक जाडजूड गुंडाळी घरी आली आणि वीस वर्षं माळ्यावर पडून राहिली. त्यावरच्या जाड रेघांची घरं आमच्या सोंगट्यांना बेतून केल्यासारखी बसतात. एक घर म्हणजे पाच फूट. काही कागदांवर अर्धवट रंगवलेले मोर आहेत. मोराच्या पिसाऱ्यावरून गोब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, पळताना फार छान दिसतात.

आता भाच्याचं गाऱ्हाणं. त्याचं पात्र म्हणजे गोलायथ जातीचा धोंडीबा. डोंगरातली दांडगी जात, उंची सात ते आठ फूट. या जातीला एक सवलत आहे: माणसाच्या एक माप वरची हत्यारं, म्हणजे राक्षसांच्या मापाची, ते कुठलाही तोटा न होता वापरू शकतात. आपल्यासारख्याने असलं हत्यार उचललं तर नेम धरताना दोन गुण वजा होतात, आणि दोन्ही हातांनी धरायची मोठी तलवार असेल तर उचलताच येत नाही. धोंडीबाला ती येते. वार बसला की इजेसाठी साध्या मोठ्या तलवारीला सहाचे दोन फासे पडतात, राक्षसी मापाच्या तलवारीला तीन. सरासरी सातावरून साडेदहा. म्हणजे फायदा साडेतीनचाच! हे मी बोलून दाखवलं तेव्हा कुणीही हसलं नाही.

पण त्या सवलतीच्या शेवटी एक वाक्य आहे. शरीराने व्यापलेली जागा आणि हाताचा पल्ला मूळ मापाचाच राहील. म्हणजे एक घर जागा आणि एक घर पल्ला. समोरचा ओगर मात्र अख्खा एक माप मोठा. तो दोन बाय दोन घरं अडवून बसतो आणि त्याचा पल्ला दहा फूट. त्याच्या हातातला सोटा ज्या मापाचा, त्याच मापाची धोंडीबाची तलवार. तरी ओगर दोन घरांवरून हाणतो आणि धोंडीबाला आधी मार खात जवळ जावं लागतं.

"तेच माप त्याच्या हातात दहा फूट जातं आणि माझ्या हातात पाच? ओगर नऊ-दहा फुटांचा, मी पावणेआठ. दोन फुटांच्या फरकाला पाच फुटांचा दंड? काय बे हे!"

"बे" हे त्याने फाशाला म्हटलं, मला नाही. आमच्याकडे हे समजून घ्यायचं असतं.

वकीलबाईंनी लगेच वकीलपत्र घेतलं. त्यांचा मुद्दा असा, की नियमात मुळातच खोट आहे. हाफलिंग नावाच्या तीन फुटी बुटक्या जातीचा पल्ला पाच फूट आणि सहा फुटांच्या माणसाचाही पाचच. हाफलिंगच्या हातात त्याच्या मापाचा लांब भाला दिला तर दहा फूट, आणि माणसाच्या हातातल्या, त्याच्या दुप्पट वजनाच्या भाल्यालाही दहाच. कारण भाला स्वतःचा पल्ला आणतच नाही. असेल तो दुप्पट करतो. मग मांजराएवढ्या परीचं काय? तिचा पल्ला शून्य, तिला वार करायला शत्रूच्याच घरात शिरावं लागतं. तिला कितीही लांब भाला द्या, शून्याची दुप्पट शून्य. "मिलॉर्ड," त्या म्हणाल्या, "परीला भाला विकणाऱ्या लोहारावर फसवणुकीचा गुन्हा दाखल व्हायला हवा."

मला उत्तर सुचेना. सत्ता हातात असलेला माणूस उत्तर सुचलं नाही की जे करतो तेच मी केलं. नियम म्हणजे नियम, असं म्हणून खेळ पुढे रेटला. ओगरने धोंडीबाला दोनदा झोडपलं. भाचा साडेअकराला भाकरीचा तुकडाही न मोडता खाली गेला.

झोप आली नाही. उकाडा होताच, शिवाय भाच्याचा प्रश्न बरोबर होता. मी माळ्यावरून जुनी पुस्तकं काढली. १९७८ च्या पुस्तकात प्रत्येक हत्याराला तीन वेगळे आकडे होते: लांबी किती, वापरायला आजूबाजूला जागा किती लागते, आणि वार व्हायला वेळ किती जातो. धावून येणाऱ्यावर ज्याचं हत्यार लांब त्याचा वार आधी, असाही नियम होता. खंजिराला फूटभर जागा आणि वेगाचा आकडा दोन. दोन्ही हातांनी चालवायच्या तलवारीला सहा फूट जागा आणि वेग दहा, म्हणजे चांगलीच मंद. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण खाली एक अठरा फुटांच्या वरचा भाला आहे, पलटणीत धरतात तसला. त्याला लागणारी जागा? एक फूट. खंजिराएवढी!

त्या ओळीवर मी बराच वेळ अडकलो. तलवार फिरवावी लागते आणि भाला खुपसावा लागतो, एवढं साधं गणित आहे ते. फिरवायच्या हत्याराची लांबी वाढली की ती चारी बाजूंना वाढते, डावीकडच्या मित्राच्या कानापर्यंत. खुपसायच्या हत्याराची लांबी एकाच रेघेत वाढते.

आणि सोलापूरच्या माणसाला हे पुस्तकातून कळावं, याची मला जरा लाजच वाटली. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. माडीच्या वर जाणाऱ्या उभ्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आणि रस्त्यावर तीळ ठेवायला जागा नाही एवढी माणसं. त्या गर्दीतून काठी जाते, कारण ती उभी असते. तिला जमिनीवर एका माणसापुरतीच जागा लागते. तीच काठी आडवी करून फिरवा म्हटलं तर अख्खा चौक रिकामा करावा लागेल. विशीत असताना एकदा सरावाच्या वेळी मी हौसेने काठी कमरेला लावून पाहिली होती. एका जाणत्या मामांनी मला सांगितलं, हातांकडे बघू नको, शेंड्याकडे बघ. शेंडा जिकडे झुकेल तिकडे पाय ने. मी चार पावलं गेलो. पाचव्याला तिघांनी काठी धरली आणि चौथ्याने मला.

सकाळी साडेसहाला भाच्याला उठवलं. म्हटलं, चल, पुस्तक बाजूला ठेवतो.

गच्चीवर खडूने पाच-पाच फुटांचे चौकोन आखले. मधल्या चौकोनात भाचा. आधी हातात तीन फुटांची वेताची काठी, तलवारीच्या जागी. चौकोनाच्या मधोमध उभं राहून हात लांबवला की टोक शेजारच्या चौकोनाच्या मध्याला जरा ओलांडून जातं. एक पाऊल पुढे टाकून वार करून परत मागे यायचं म्हटलं तर शेजारचा चौकोन पूर्ण कव्यात येतो. पाच फूट. पटावरची सोंगटी थिजलेली दिसते, पण एक फेरी म्हणजे सहा सेकंदं, आणि त्या सहा सेकंदांत माणूस आपल्या चौकोनात नाचत असतो. हाफलिंगच्या आखूड हाताला तेवढ्या नाचण्याची सूट मिळते, असं मी मनात वकीलबाईंना उत्तर दिलं. पटेलच असं नाही.

मग पहार काढली. पाया खोदताना आणलेली, साडेपाच फुटी, गंजलेली. घरच्या काट्यावर सात किलो भरली. धोंडीबाच्या तलवारीचं वजन पुस्तकात सोळा पौंड आहे, म्हणजे सव्वासात किलो. योगायोग चांगला होता. (युरोपातल्या खऱ्या दोन हातांच्या तलवारी बहुतेक दोन ते साडेतीन किलोंच्या. साध्या मोठ्या तलवारीचे आठ पौंड हेही पुस्तकाने जरा सढळ हाताने घातलेत.) भाच्याला म्हटलं, एका टोकाला धर आणि सरळ समोर आडवी कर. दोन्ही हातांनी.

तो व्यायामशाळेत जातो. पहार आडवी झाली, थरथरली, आणि तीन सेकंदांत शहाबादीवर आदळली. फरशीला कोपऱ्यापासून मधोमध तडा. तो अजून आहे आणि पावसाळ्यात खालच्या खोलीत त्याचं काय होणार हे मला माहीत आहे.

"हे चीटिंग आहे," भाचा हात चोळत म्हणाला. "तलवारीचा तोल मुठीजवळ असतो. पहारीचा मधोमध."

हे खरं होतं आणि मी ते मान्य केलं. पण तोल मुठीकडे आणायचा तर मुठीला आणखी वजन घालावं लागतं, आणि वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. गंमत अशी, की पुस्तकातला माणूस मोठा करण्याचा मंत्र हे गणित पाळतो. उंची दुप्पट, वजन आठपट, पल्ला दहा फूट. हत्यारांच्या तक्त्यात मात्र राक्षसी मापाला वजन दुप्पटच. तलवारीला सूट, माणसाला नाही. त्या मंत्राखाली साधा माणूस सरळ राक्षसाच्या मापाचा होतो आणि पल्ला आपोआप वाढतो. तलवार मात्र कालचीच राहिली तरी चालते. नंतरच्या आवृत्तीत, २०१४ च्या, त्या मंत्रातून पल्ला काढूनच टाकला. तिथे बगबेअर नावाची एक जात आहे, तिचे हात मुळातच लांब. तिला स्वतःच्या पाळीत पाच फूट जास्त मिळतात, हातात सुरी असली तरी.

एवढा वेळ अप्पा जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "धोटा मोठा केला म्हणून पन्हा वाढत नाही रे."

भाचा बघतच राहिला. त्याच्या पिढीने माग पाहिलाय तो बंद पडलेला. मग अप्पांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांचा खड्ड्यातला हातमाग होता. धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा लाकडी तुकडा, एका हाताने ताण्यातून टाकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. दोन हात जेवढे फाकतील तेवढाच कापडाचा पन्हा. यापेक्षा रुंद कापड हवं असेल तर मागावर दोन माणसं बसवायची, एकाने टाकायचा, दुसऱ्याने झेलायचा. धोटा लांब केला, जड केला, पितळेचा केला, तरी पन्हा तेवढाच, कारण माप धोट्याचं नव्हतंच, हातांचं होतं. इंग्लंडात १७३३ साली जॉन के नावाच्या माणसाने दोरी ओढून पळणारा धावता धोटा काढला, तेव्हा कुठे एका माणसाला त्याच्या हातांपेक्षा रुंद विणता यायला लागलं. (साल माझं. अप्पा "ते दोरीचं आलं तेव्हा" एवढंच म्हणाले.)

"पण दोरीने वाढला ना?" भाचा म्हणाला. हरणं त्याच्या स्वभावात नाही, आईवर गेलाय.

दोरीने वाढतो. मराठ्यांचा विटा आठवला मला: भाल्याला दोर बांधलेला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. पुस्तकात साखळीचं एक काटेरी हत्यार आहे, ते दहा फुटांवरही चालतं आणि पायाशीही. पटावर मोजलं तर साध्या तलवारीच्या धाकात आजूबाजूची आठ घरं येतात, लांब भाल्याच्या धाकात त्यापलीकडची सोळा, साखळीच्या धाकात सगळी मिळून चोवीस. त्या घरांतून कुणी निष्काळजीपणे सरकला की फुकटचा वार. म्हणून जगभरच्या पटांवर एके काळी जो उठे तो साखळी घेई, आणि माझ्या पटावर तिला बंदी आहे. वकीलबाईंची त्यावर याचिका प्रलंबित आहे.

एवढ्यात शेजारच्या अक्का त्यांच्या गच्चीवर सांडगे घालायला आल्या. दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. खडूचे चौकोन, तडकलेली फरशी आणि पहार बघून त्या काही बोलल्या नाहीत. आम्हाला ओळखून आहेत. जुन्या साडीवर सांडगे मांडले आणि स्वतः टाकीच्या सावलीत स्टूल टाकून बसल्या. हातात कावळे हाकायची काठी: बारीक, हलका, चांगला दहा फुटांचा बांबू, शेंड्याला लाल फडकं.

बसल्या जागेवरून अख्खी साडी त्यांच्या टप्प्यात. कावळा पलीकडच्या कडेला उतरला की फडकं तिथे हजर. मनगट हललं न हललं एवढंच. भाच्याचं तोंड उघडं राहिलं. सात किलोंनी जे झालं नाही ते अर्ध्या किलोच्या बांबूने होत होतं.

मग तो कावळा आला. एका डोळ्याने अधू होता, म्हणजे मला तरी तसा वाटला. तो साडीवर उतरलाच नाही. अक्कांच्या स्टुलाला लागून, त्यांच्या चपलेजवळ उतरला, आणि साडीच्या अलीकडच्या काठावरचा सांडगा चोचीत घेतला. अक्कांनी काठी उचलली. काठीचं फडकं दहा फुटांवर, कावळा दीड फुटावर. काठी मागे ओढायची तर मागे टाकी. त्यांनी "हुश्श" केलं, पाय आपटला. कावळ्याने दुसरा सांडगा घेतला. अक्कांनी अखेर काठी खाली टाकली आणि चप्पल काढली.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "लांब भाल्याने शेजारच्या घरात मारता येत नाही, तो नियम…"

"तोच."

त्या दिवशी दुपारी मी त्याला एक तोड सुचवली. पाथफाइंडर नावाच्या, २००९ मध्ये आलेल्या भावकीतल्या खेळात एक कसब आहे: झेप घेऊन त्या पाळीपुरता पल्ला पाच फूट वाढवायचा, आणि पुढच्या पाळीपर्यंत स्वतःच्या बचावातले दोन गुण गमवायचे. शरीर पुढे झोकलं की ते उघडं पडणारच. हे धोंडीबाला आत्तापासून देतो म्हटलं. तलवारीमुळे देत नाही, रात्री तुला धड उत्तर दिलं नाही म्हणून देतो, हेही सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. आभार वगैरे मानले नाहीत, पण शेंगाचटणीची बरणी माझ्याकडे सरकवली.

पुढच्या शनिवारी तो आला तो धोंडीबाच्या यादीतली तलवार खोडूनच. तिच्या जागी लांब भाला, राक्षसी मापाचा. पल्ला दहाच राहील, मी बजावलं. माहितीय, म्हणाला. मेडिकलवाल्याने मधेच दांडपट्टा मिळेल का विचारलं, त्यावर अर्धा तास गेला. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत चढते, मनगट वळत नाही, मग त्याला हात धरायचं की हत्यार, हे अजून ठरलेलं नाही.

रात्री अकराच्या सुमाराला मोराच्या पिसाऱ्यावरून सहा गोब्लिन आले. धोंडीबाने दोन घरांवरून पहिल्याला टिपलं, फुकटच्या वारात दुसऱ्याला. भाचा खुशीत. मी तिसरा गोब्लिन उचलला, पिसाऱ्याला वळसा घालून मागून आणला आणि धोंडीबाच्या सोंगटीला अगदी चिकटून ठेवला.

भाच्याने सोंगटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आला का कावळा," म्हणाला, आणि यादीत सुरी आहे का ते शोधायला लागला.